ड्रम गच्चीवरच राहणार

आई,

फ्रिजमधलं ताक कढीसाठी शोधू नका, कचरा लवकर कुजावा म्हणून कंपोस्टच्या ड्रममध्ये ओतलंय. तुम्ही शिवमंदिरात गेलात आणि इकडे कमिटीवाले ड्रम हटवायला गच्चीवर आले. वास येतो म्हणे. मी सरळ झाकण उघडलं. आत काळी, मोकळी माती, वासाचं नाव नाही. सेक्रेटरींनी स्वतःच्या तुळशीसाठी डबाभर मागून नेली. ड्रम आता हलत नाही.

एसीत झोपणारीनं लोकांना पर्यावरण शिकवू नये, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तरी एसी मी सोडणार नाही. दुपारी आमच्या खोलीत तो लावून कोण झोपतं, तेही मला ठाऊक आहे. आजही खुशाल झोपा. फक्त त्याआधी दुधीची सालं वर ड्रममध्ये टाकून या.

ऑफिसला निघाले.
स्वप्नाली