सुपारीसुद्धा नाही

३ फेब्रुवारी २०२४
कॅन्सर! स्वरयंत्राचा! तीस वर्षं जिल्हाभर दारूबंदीसाठी घसा फोडला, आणि घशालाच! डोहाळ्यांतही कधी सुपारी चघळली नाही मी.

डॉक्टरीण तरुण, शांत. म्हणाली, "व्यसन नसलेल्यांनाही होतो, मॅडम. कारण दरवेळी सापडत नाही. पण लवकर कळलंय. सोमवारी बारा तारखेपासून रेडिएशन घेतलं तर आवाजही वाचेल."

कारण सापडत नाही! हे काय उत्तर झालं? माझ्या एकाही भाषणात असलं वाक्य नाही.

६ फेब्रुवारी
दवाखान्यात नोंदणीची खिडकी. तंबाखू? नाही. दारू? नाही. खर्रा? नाही हो! "पूर्वी कधी?" — नाही!! आमचे बंडोपंत मध्ये पडले. "अहो, हिनं सुपारीसुद्धा खाल्ली नाही."

खिडकीतला हसला. "काका, सगळेच असं म्हणतात." मागची रांगही हसली.

कुठं ऐकलंय हे वाक्य?

७ फेब्रुवारी
शेजारची काजल डबा घेऊन आली. बसली, इकडेतिकडे पाहिलं. "काकू, खरं सांगा ना. गुपचूप तंबाखूची नस लावत होत्या काय?"

डबा परत पाठवला. भरलेलाच.

८ फेब्रुवारी
आमच्या दारूबंदी मंडळाच्या भैय्याजींचा फोन. "ताई, रविवारच्या सभेत तुम्ही नका बोलू. लोकं उलटाच अर्थ काढतीन." तीस वर्षं! यांना बोलायला मीच शिकवलं!

ठरलं. त्या खिडकीशी पुन्हा जाणार नाही. बंडोपंत म्हणाले, "आवाज जाईल." जाऊ दे. "आणि जीव?"



९ फेब्रुवारी
मेथी निवडता निवडता आठवलं. ते वाक्य माझंच!

तळेगाव, सहा वर्षांपूर्वीची सभा. पहिल्या रांगेत किसनराव — गळ्याला मफलर, नुकताच घशाचा कॅन्सर निघालेला. मी स्टेजवरून बोट दाखवलं, "बघा, बाटलीनं काय केलं!" त्यांची बायको जिजाबाई उभी राहिली. "बाई, ह्यायनं सुपारीबी नाई खाल्ली कधी." आणि मी, माइकमधून — "सगळेच असं म्हणतात!"

केवढा हशा! टाळ्या! घरी येऊन बंडोपंतांना रंगवून सांगितलं होतं मी.

जाते. माफी मागते. किसनराव शिव्या देतील, देऊ देत.

११ फेब्रुवारी
किसनराव नाहीत. पाच वर्षं झाली.

जिजाबाईंनी पाणी दिलं. माझं फुटक्या आवाजातलं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थ्या सभेपासून ते दवाखान्यात गेलेच नाई. म्हनत, तिथं पुन्हा इचारतीन."

निघताना फाटकाशी आल्या. "तुमी जाजा उद्या, बाई. मी येतो संगं. थ्या खिडकीवाल्याले मी सांगीन."