डिंकोबाचा सूड

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०.
डॉक्टर म्हणाले, बीपी एकशे साठ आहे, तुम्ही मनात फार साठवता. रोज लिहून काढा. आणि शेवटी दिवसातली एक चांगली गोष्ट लिहा, मन हलकं होतं.
गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलंय की वहीवर आधी स्वतःचं नाव घालावं. वही नाही, सुटे कागद आहेत, तरी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत पूर्ण नाव घातलं. बराच वेळ बघत बसलो. या ग्रंथालयात मला या नावाने फक्त पगारपत्रक ओळखतं.
मी मनात काही साठवत नाही. माझा स्वभाव क्षमाशील आहे.
आजची चांगली गोष्ट: आमच्या ग्रंथालयातल्या कॅटलॉगवाल्याच्या छत्रीची काडी मोडली.

४ ऑक्टोबर, मंगळवार.
डॉक्टरांनी मुळाशी जायला सांगितलंय. मूळ असं. चौदा वर्षांपूर्वी, स्टाफ मीटिंग. पुस्तकबांधणीसाठी खिडकीजवळची खोली मिळावी म्हणून मी तिसऱ्यांदा उठलो. तेव्हा कॅटलॉगवाला म्हणाला, द्या हो खोली, हे आपले डिंकोबा आहेत, एकदा चिकटले की सुटायचे नाहीत. अठरा जण हसले. साहेब सगळ्यांत जास्त.
खोली मिळाली. नावही मिळालं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना मी डिंकोबा. मेव्हणा फोनवर म्हणतो, काय डिंकोबा. बायको रागात असली की तीसुद्धा.
आणि मी डिंक वापरतच नाही. मैद्याची खळ वापरतो. चौदा वर्षांत एकाने तरी विचारावं?
चांगली गोष्ट: नाही.

७ ऑक्टोबर, शुक्रवार.
कॅटलॉगवाला एकतीस तारखेला रिटायर होतोय. म्हणजे हे नाव माझ्या गळ्यात ठेवून हा घरी पाय पसरून बसणार. चालणार नाही. जाण्याआधी त्याने सगळ्यांसमोर माझं नाव मला परत दिलं पाहिजे.
निश्चय: निरोप समारंभात मी भाषण करणार.
सकाळी देवापुढे हात जोडले. देवाकडे मी कधी कुणाचं वाईट मागत नाही. फक्त त्याचं नाव घेतलं आणि थोडा वेळ थांबलो. देव समजून घेतो.
चांगली गोष्ट: दुपारभर त्याला उचकी.

१२ ऑक्टोबर, बुधवार.
भाषणाचे मुद्दे सत्तावीस झाले. बायकोला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, ते एकदा म्हणाले, तुम्ही चौदा वर्षं रोज म्हणताय. मुद्दा तिच्या लक्षात आला नाही.
बीपी एकशे चौसष्ट. मशीन जुनं आहे.
ही पानं कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून टेबलावर कागदांच्या थप्पीत सरकवून ठेवतो. कुणाला संशय येणार नाही. सगळं ग्रंथालय मीच उरल्यासुरल्या कागदांच्या बांधलेल्या पॅडवर लिहितं, माझा कागदही तोच.

१७ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी.
देव आहे!
कॅटलॉगवाला स्वतः आला. हातात सुट्या पानांचा गठ्ठा. म्हणाला, डिंकोबा, माझी डायरी आहे, सोळा वर्षांची, तुमच्याच पॅडवर लिहिलीय. जाण्याआधी बांधून द्याल का? दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होत नाही.
मी म्हणालो, ठेवा.
सोळा वर्षं! म्हणजे ती मीटिंगही आत आहे. आता मुद्द्यांना पुरावा मिळणार.
वाचणार नाही. दुसऱ्याची डायरी वाचणं पाप आहे.
चांगली गोष्ट: जागा पुरणार नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार.
वाचलं नाही. पानांचा क्रम तपासला. क्रम तपासायला तारखा बघाव्याच लागतात. तारखेशेजारचा मजकूर आपोआप डोळ्यांत शिरतो, त्याला मी काय करू?

२० ऑक्टोबर, गुरुवार.
त्या मीटिंगची तारीख सापडली. सगळी नोंद उतरवून घेतो: ‘मीटिंग लांबली. चहा गार. संध्याकाळी आईला दवाखान्यातून घरी आणलं. तिने मला ओळखलं नाही.’
बस्स. माझ्या अपमानाला एक ओळ नाही. चहाला आहे!
आईचं वाईट वाटलं. पण तो वेगळा विषय.

२२ ऑक्टोबर, शनिवार.
पुन्हा क्रम तपासला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सोळा वर्षांत माझा उल्लेख एकदाच, गेल्या वर्षी: ‘डिंकोबांची शिवण पाहिली की बरं वाटतं. हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे. माणूस घुमा आहे. घरी काही त्रास असावा.’
कुणी ठेवलं कोण जाणे!
बायकोला सांगितलं. ती ‘घरी त्रास असावा’ इथेच अडकली. दिवसभर बोलली नाही. तेव्हा त्याचं म्हणणं आजपुरतं खरं झालं.
आता भाषण नको. वाचलं हे कबूल करावं लागेल. नवा निश्चय: ‘घरी त्रास’वालं पान उलटं शिवणार. आयुष्यभर त्याला तिथे वही फिरवून धरावी लागेल.

२५ ऑक्टोबर, मंगळवार.
पान उलटं लावलं. दाभण उचलला. हात पुढे जाईना. ज्या मिस्त्रींनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे, वाईट बोललेलं माणूस विसरतो, वाईट बांधलेलं पुस्तक विसरत नाही. पान सरळ केलं. परत उलटं. परत सरळ.
ही माघार नाही. ताकद राखून ठेवतोय.
चांगली गोष्ट: त्याची जुनी छत्री दुरुस्त होणार नाही म्हणे.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी.
अंतिम निश्चय. आज शिवायचंच. एक पान उलटं. देवापुढे आधीच माफी मागून आलोय, म्हणजे ते काम उरकलं. साहेबांचा शिपाई दोनदा येऊन गेला, डिंकोबा झालं का, डिंकोबा झालं का. डोकं भणभणतंय. एवढं लिहून थप्पीत ठेवतो आणि बसतो.

३१ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी.
नव्या कागदावर लिहितोय. जुनी पानं टेबलावर दिसली नाहीत. उद्या शोधेन.
शुक्रवारी रागारागात थप्पी उचलली, एका बैठकीत भोकं पाडली, शिवली, कापडी पुठ्ठा घातला. उलटं एकही पान लागलं नाही. आजवरची माझी सर्वांत सुंदर बांधणी, हे नाइलाजाने नोंदवतो.
समारंभ. साहेब म्हणाले, डिंकोबा, दोन शब्द बोला. उठलो. सत्तावीस मुद्दे खिशात. म्हणालो, शिवण पक्की आहे, तीस वर्षं हलणार नाही. बसलो. टाळ्या. त्याने डोळे पुसले.

१ नोव्हेंबर, मंगळवार.
पानं कुठेच नाहीत. कपाट, पिशवी, केराची टोपली बघून झाली. संशय कॅटलॉगवाल्यावर. जाता जाता चोरून नेली असणार. अशा माणसाकडून अपेक्षा काय करायची?

२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी, देवापुढून उठून लगेच.
थप्पी.

३ नोव्हेंबर, गुरुवार.
बीपी मोजलं नाही.
अकराला कॅटलॉगवाला आला, नवी छत्री घेऊन. लिफाफा टेबलावर ठेवला. म्हणाला, डिंकोबा, तुमची काही पानं चुकून माझ्या वहीच्या शेवटी शिवली गेली होती. वाचली नाहीत हो. फक्त तारखा बघितल्या, क्रमासाठी.
पानं अलगद सोडवली होती. एक कोपरा दुमडलेला नाही. नाव घातलेलं पान सगळ्यांत वर. मी लिफाफ्याची घडी नीट करत बसलो.
मग तो निघाला. मी पाठमोरा होऊन लिफाफा कपाटात ठेवत होतो. दारातून त्याने हाक मारली. माझं खरं नाव, पूर्ण, पुढे राव लावून. चौदा वर्षांनी, ज्या खोलीपायी ते गेलं त्याच खोलीत.
या नावाचं कोण आलंय म्हणून मी खिडकीकडे बघितलं.
तो मग म्हणाला, अहो डिंकोबा, तुम्हालाच हाक मारतोय.
मी लगेच वळलो. म्हटलं, हां, बोला.