दुसरी सही

१९ मे, दुपार

ताई,

अक्षर वाकडं येईल. एक डोळा दुर्बिणीला आहे, वही मांडीवर. हलले तर तो उडेल, आणि स्वस्थ बसवत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? मी बरी. पाणी पुरलं. सुरय पक्ष्यांची चारशे बारा घरटी मोजून झाली. बेटावर अजूनही छत्री उघडूनच फिरावं लागतं. परवा एकाने टोचून कापडाला भोक पाडलं.

तो पक्षी उजवीकडून सहावा. बाकीच्यांसारखाच, फक्त पिवळ्या चोचीचं टोक काळं. तू सांगायचीस तसंच.

काल पहिल्यांदा दिसला. आज सकाळी नावाडी सामानाची पहिली खेप न्यायला आला, तेव्हा हा पक्षी नेमका गायब. दुर्मिळ पक्ष्याच्या नोंदीला दोघांच्या सह्या लागतात म्हटल्यावर तो म्हणाला, "मग द्या इकडे, करतो."

"न बघता?"

"बाई, मला सगळे सारखेच. बघूनही काय फरक पडणार?"

हसले. वही दिली नाही.

जुनी नोंदवही खाटेखालच्या पेटीत आहे. अकरा वर्षांपूर्वीचं पान काढलं. तुझी सही, खाली दुसऱ्या सहीची मोकळी जागा. आईला शेजारणीवर सोपवून मी तेव्हा चार दिवस इथे तुझ्याकडे आले होते. साहेबांनी मला विचारलं होतं, "तू शेजारीच होतीस ना? पाहिलास?" मी म्हटलं, आत चहा करत होते.

ताई, चहा झाला होता. दोन्ही कप घेऊन मी तुझ्या मागे उभी होते. मी पाहिला तो.

नोंद मान्य झाली असती तर तुला इथे कायम ठेवलं असतं. आणि घरी आजारी आईपाशी मी एकटी. एवढंच होतं डोक्यात. तू परत आलीस, आईचं सगळं केलंस. वर मलाच म्हणायचीस, "अगं, भास झाला असेल मला." आई गेल्यावर ही नोकरी मी धरली, तेव्हा स्वतःची दुर्बीणही तूच दिलीस. तिच्यातूनच बघतेय.

उडाला. नाही, बसला परत.

२० मे, सकाळ

पक्षी नाही. नाव लागली आहे. तुझ्या नोंदीखाली सही केली, तारीख आजची घातली. माझी नोंद एका सहीचीच राहील. दोन्ही वह्या साहेबांकडे जातील, पत्र तुझ्याकडे.

तुझ्या मागे उभी होती ती,
धाकटी