डिसेंबरच्या डब्यावरचा पत्ता

मी, ओबदुलिया किश्पी, वय ४३, धंदा गिनीपिग भाजून विकणे, राहणार कान्यार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि ठिकाणावर असलेल्या डोक्याने लिहीत आहे. गुरुवारी पित्ताशयाचे ऑपरेशन आहे, पण भीतीने लिहायला बसलेले नाही. आज सकाळी कोर्टाचे पत्र आले. माझा नवरा विर्हिलिओ याच्या न्यू जर्सीतल्या पगारातून मुलीची पोटगी परस्पर कापली जाणार. तेरा वर्षांनी. पत्र मी चारदा वाचले, पाचव्यांदा शेजारणीकडून वाचून घेतले.

१. घर आणि शेगडी मुलगी नार्सिसा हिला. पोटगी मी तिला देत नाही, ती पहिल्यापासून तिचीच आहे. त्यातून तिने नर्सिंग शिकावे. कोणी काका मागायला आला तर दार लावून घ्यावे.

२. विर्हिलिओला घरात वाटा नाही. "पुढच्या महिन्यात नक्की पाठवतो" हे वाक्य तेवढे त्याचे त्याला परत.

३. तरीही दर डिसेंबरला त्याला दोन भाजलेले गिनीपिग जावेत. कारण सांगते. पोटगी मागायला कोर्टाच्या कचेरीत गेले की दरवेळी एकच उत्तर मिळे, "बाई, आधी त्याचा पत्ता आणा." वकील म्हणाला, "बाप सापडत नसेल तर आजीवर दावा लावा, कायद्यात बसतं." मी साफ नाही म्हटले. अंडी विकून जगणाऱ्या म्हातारीला कोर्टात कशी ओढू? हे सासूबाईंच्या कानावर गेले. लेकाचे डिसेंबरचे पार्सल त्या नेहमी स्वतः बांधत, मला जवळ फिरकू देत नसत. २०२२च्या डिसेंबरात मात्र त्यांनी पत्त्याची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. "डब्यावर तूच चिकटव. मला दिसत नाही हल्ली." दिसत नाही कसले, कोंबडीच्या पिसातली ऊ दिसते त्यांना. "सावकाश वाच, घाई नाही," म्हणून त्या माझ्याकडे पाठ फिरवून बसल्या. तेव्हा डबा चालू ठेवावा. विर्हिलिओ कितीही चिडला तरी डबा सोडणार नाही, घर बदलले की आईला कळवेलच.

४. भाजायची सळई सासूबाईंना देणार होते. वकील म्हणाला, मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातले काही घेता येत नाही. त्या म्हणाल्या, "सळई काय करायचीय गं मला? सही कुठे करू ते दाखव." म्हणून सळईही नार्सिसालाच.

वाचून, समजून, समाधानाने सही केली.

कान्यार, ११ मार्च २०२५
ओबदुलिया किश्पी

साक्षीदार:
आउरोरा पिचिसाका, शेजारीण
तोमासा दुची, विर्हिलिओची आई. सहीखाली त्यांच्याच अक्षरात: "पत्ता बदलला तर मी सांगीन."