हवी तेवढी सुट्टी

१ मार्च, रविवार
आधी कालची चूक दुरुस्त करते. काल लिहिलं की बाबा फोनवर म्हणाले, "ऑपरेशनला तू यायलाच हवंस." ते तसं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "सव्वीस मार्चला गुडघ्याचं ऑपरेशन आहे. जमलं तर ये. नाही जमलं तरी काही बिघडत नाही." 'यायलाच हवंस' हे माझ्या मनातलं. ही वही कुणी वाचणार नसली तरी खोटं लिहायचं नाही.

आई-बाबा पूर्व किनाऱ्याला पार्सिपनीत, मी पश्चिम किनाऱ्याला बेलव्ह्यूत. मधे अख्खी अमेरिका. पण आमच्या कंपनीत या वर्षीपासून सुट्टी अनलिमिटेड आहे. हवी तेवढी घ्या, कुणी मोजणार नाही. तेव्हा प्रश्नच नाही. उद्या सकाळी माझ्या मॅनेजरला, ब्रेंडाला, विचारणार.

२ मार्च, सोमवार
विचारलं नाही. सोमवारी कुणालाच काही विचारू नये.

४ मार्च, बुधवार
पॉलिसी पुन्हा वाचली. "सुट्टी जबाबदारीने घ्यावी." जबाबदारीने म्हणजे किती, ते कुठेच नाही. पूर्वी ठरावीक दिवस मिळायचे तेच बरं होतं. ते संपवले नाहीत की आपण चांगले आहोत हे कळायचं.

मला विचारता येत नाही याला कारण आहे. आईने मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. मराठी लिहायला आलं, पण हात वर करून "बाथरूमला जाऊ का" विचारायची सवय लागायची राहिली. टीममधला यतीन, नागपूरहून व्हिसावर आलेला, हे ऐकून म्हणाला, "यार स्वानंदी, अनलिमिटेड सुट्टी म्हणजे बुफे आहे. आणि तू रिकामी प्लेट घेऊन कडेला उभी, कुणी वाढतंय का बघत!"

तो स्वतः तीन आठवडे लग्नाला चाललाय. चुलत बहिणीच्या. चुलत!

८ मार्च, रविवार
प्लॅन ठरला. पुढचं काम आत्ताच उरकायचं, म्हणजे मी गेलेली कळणारच नाही. शनिवार-रविवार कामच केलं. डोळे चुरचुरतात. पण बाबांचं म्हणणं हेच: मान खाली घालून काम करावं, चांगले दिवस मागावे लागत नाहीत. ते चोवीस वर्षं एकाच कंपनीत असेच राबले. एकोणसाठाव्या वर्षी कंपनीने काढलं, म्हणून आता हार्डवेअरच्या दुकानात रंगांच्या काउंटरवर उभे असतात. तिथे स्टूल ठेवू देत नाहीत, गिऱ्हाइकाला आळशीपणा वाटतो म्हणे. गुडघे तिथेच गेले.

पण तो अपवाद. एका माणसावरून म्हणणं चुकीचं ठरत नाही.

११ मार्च, बुधवार
प्लॅन फारच यशस्वी. सगळं आधीच झालेलं बघून ब्रेंडा म्हणाली, "स्वानंदी, यू आर अ मशीन!" आणि टीममधल्या नैनाचं निम्मं काम माझ्याकडे दिलं. त्याचा रिव्ह्यू सव्वीस मार्चला. विश्वास असल्याशिवाय देतील का?

बाबांना फोन केला. ऑपरेशन जरा पुढे ढकलता येईल का? बाबा लगेच म्हणाले, "हो हो, का नाही! सोळा एप्रिल धर. तू तुझं काम बघ." डॉक्टरांना न विचारताच तारीख तयार. बाबा म्हणजे बाबा. आईला फोन द्या म्हटलं, तर ती पोळ्या करत होती.

२६ मार्च, गुरुवार
रिव्ह्यू उत्तम झाला. सांगायला घरी फोन केला. बाबांनी उचलला नाही, आईनेही नाही. त्यांच्या शेजारच्या सुलेखा काकूंचा मात्र मेसेज आला, "सगळं व्यवस्थित झालं. काळजी करू नकोस." माझ्या रिव्ह्यूची काकूंनाही काळजी! शेजार असावा तर असा.

७ एप्रिल, मंगळवार
विचारलं! ब्रेंडाला मेसेज केला: एप्रिलच्या मध्यात, कुणाची अडचण होणार नसेल तर, कदाचित, थोडी सवलत लागू शकेल. तिने अंगठा पाठवला. यतीन म्हणाला, "झालं की! तिकीट काढ." पण अंगठा म्हणजे "हो", की नुसतं "वाचलं"? तासाभराने मीच लिहिलं, तितकंसं गरजेचं नाही. तिने पुन्हा अंगठा पाठवला. बघा, म्हणजे पहिला अंगठा "हो" नव्हताच.

१४ एप्रिल, मंगळवार
टीममधल्या चौघांना काढलं. त्यात नैना. तिच्याइतकं काम कुणीच करत नव्हतं. लेकीला ताप होता तेव्हा तिला मांडीवर घेऊन मीटिंगला बसली होती. तिची काहीतरी चूक झाली असणार. दुपारभर आठवून पाहिलं, चूक सापडली नाही. म्हणजे मोठीच असणार.

यतीनने लग्नाचं तिकीट कॅन्सल केलं. नोकरी गेली तर त्याला देशच सोडावा लागेल. हळूच म्हणाला, "आता काही मागू नको. दिसूही नको."

१६ एप्रिल, गुरुवार
सकाळी घरी फोन केला. येता येत नाही, अजून एकदा ढकलता येईल का? आज आईने घेतला.

"ऑपरेशन झालं गं," आई म्हणाली. "सव्वीसलाच. ठरलं होतं त्याच दिवशी. सुलेखाने नेलं-आणलं."

मला का नाही सांगितलं, म्हटलं. आई म्हणाली, "त्यांनीच नको म्हटलं. पोरीचा रिव्ह्यू आहे म्हणाले. भूल उतरल्यावर पहिलं काय विचारलं माहितेय? रिव्ह्यू कसा झाला तिचा."

मग बाबा फोनवर आले. "अगं, तू येऊन काय करणार होतीस? हॉस्पिटलात खुर्च्यासुद्धा धड नाहीत. तुला तर आता हवी तेवढी सुट्टी! मराठी मंडळात सगळ्यांना सांगितलंय मी. निवांत ये."

मी हो म्हटलं.

आज कामात लक्ष लागलं नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. सगळं काम वेळेत झालं.

१९ एप्रिल, रविवार
शांतपणे विचार केला. माझी चूक एवढीच, की ज्यासाठी विचारावं लागतं असा दिवस धरला. मेच्या शेवटी मेमोरियल डे आहे. ऑफिसच बंद, कुणाला विचारायला नको. शनिवार-रविवार नैनाचं उरलेलं काम संपवायचं, रविवारी रात्रीचं विमान, सोमवारी सकाळी तिकडे, त्याच रात्री परत.

आई म्हणते, बाबा तोपर्यंत कामावर रुजू झालेले असतील. इतकं उभं राहायला डॉक्टर नको म्हणतात, पण दुकान जागा धरून ठेवायला तयार नाही. त्या दिवशी तर तिथे मोठा सेल, म्हणजे रात्रीपर्यंत ते काउंटरवरच. हरकत नाही. गिऱ्हाइकाशी बोलायला त्यांना मनाई नाही. रांगेत उभी राहीन, एक डबा रंग मागेन. रंग मिसळायला वेळ लागतो. तेवढ्यात बोलणं होईल.

रंग कुठे लावायचा ते नंतर बघू. दिवस मात्र नक्की. सोमवार, २५ मे.