करपलं नव्हतं

रविवार, १२ जानेवारी १९९७
बसवनगुडी, बंगलोर

करपलं नव्हतं. आधी हे लिहून ठेवते.

आज मराठी मंडळाच्या सहभोजनाला मी ॲपल क्रम्बल नेलं. खाली दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या फोडी, वर ओट्स, लोणी आणि साखरेचा कुरकुरीत थर. ओट्स मागितले तेव्हाच दुकानदाराने विचारलं होतं, "का अक्का, घरात कुणी आजारी आहे?" तिथेच सावध व्हायला हवं होतं.

मंडळाच्या मालतीकाकूंनी झाकण काढलं, "अगंबाई, वरून लागलंय वाटतं," म्हणाल्या आणि डावाने तो अख्खा थर खरवडून बाजूला काढला. खालच्या फोडी सगळ्यांना वाढल्या. वर मला म्हणतात, "मुरांबा छान झालाय हो. पुढच्या वेळी गॅस तेवढा बारीक ठेव."

गॅस! अहो, ओव्हनमधला पदार्थ तो. आणि मी काय केलं? हसले. का हसले मी?

आमचा गोल ओव्हन एका बाजूने जास्त तापतो, हे खरं. थोडं लागलं असेल का? छे. त्या खरवडलेल्या ढिगातला तुकडा मी तिथेच तोंडात टाकला. कुर्रकन वाजला. करपलं नव्हतं.

आणि याच मालतीकाकू बासुंदीच्या पातेल्यातली खरवड कुणाला बोटभर चाटू देत नाहीत!

पुढच्या सहभोजनाला पुन्हा हेच नेणार. वरचा थर दुप्पट. झाकणावर चिठ्ठी: सफरचंदाची खरवड. मग बघते, काकू माझ्या वाट्याला किती ठेवतात.