हलका हात

३ मीझान, शनिवार
आज दवाखान्यात तीन बायकांनी तेच सांगितलं — 'सदिका, तुझा हात फार हलका झालाय.' अकरा वर्षं सालदान्याच्या, म्हणजे वाळूमाशी चावून होणाऱ्या फोडांत सुया टोचतेय, आजवर शिव्याच खाल्ल्या. ते औषध असं झोंबतं की माणसं खाट धरून ओरडतात. गेल्या दीड महिन्यात मात्र कुणी हूं की चूं केलं नाही. मी हरखले. मग वाटलं, हात एकाएकी हलका होतो कसा?

४ मीझान
कपाटात मागच्या खेपेची एक बाटली सापडली. नवी शेजारी ठेवली. लेबल तेच, झाकण तेच. मग दोन्हींतलं थोडंथोडं माझ्याच दंडात टोचलं. जुन्याने डोळ्यांत पाणी आणलं. नव्याने काहीच नाही!

राबेयाच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या शकीबाला याच नव्या बाटल्यांतल्या सहा सुया मी दिल्यात. सात वर्षांची पोर. फोड नाकाच्या शेंड्यावर होता, आता नाकपुडीपर्यंत आलाय. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला.

६ मीझान
औषधं पुरवणाऱ्या हाजी नजीबना गाठलं. बहिणीला समजवावं तसं म्हणाले, 'हमशीरा, सालदाना नावच सांगतं, वर्षभराचा पाहुणा. आपोआप जातो. एक तरी तक्रार आली का?'

खरंच आली नाही. ज्यांचं वर्ष भरत आलं होतं त्यांचे फोड सुकले, आणि त्यांनी मलाच बदाम आणून दिले. गंमतच आहे, नावानेच आम्हाला गंडवलं. पण वर्षभर थांबलं तर शकीबाचं नाक उरेल का?

९ मीझान
राबेयाला सांगून टाकलं. ती म्हणाली, 'आणि मी गल्लीभर तुझ्या हाताचं कौतुक करत फिरले.'

१३ मीझान
मोठ्या इस्पितळासमोरच्या दुकानातून औषध आणलं. सीलबंद, वर चकाकणारा शिक्का. एकाच सुईपुरतं मिळालं, म्हणून दंडात टोचून बघितलं नाही.

शकीबाला सांगून ठेवलंय, उद्या खूप झोंबेल, हवं तेवढं ओरड. 'खाला, तुला चावले तर चालेल?' म्हटलं, चाव मावशीला.

१४ मीझान
सुई दिली. सगळं औषध आत गेलं. शकीबा डोळे घट्ट मिटून बसली होती. थोड्या वेळाने एक डोळा उघडून म्हणाली, 'खाला, टोच ना आता.'